बांधून आलेली पहिली आवृत्ती

माझ्याकडे विसाव्या शतकातल्या मराठी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या आहेत. दोनशेच्या आत. प्रत्येक प्रतीवर लेखकाची सही आहे. निदान गेल्या वर्षापर्यंत होती.

संग्रहाचे नियम तीन. पुस्तक पहिल्याच छपाईचे हवे. मूळ जॅकेट, म्हणजे पुठ्ठ्यावरचे चित्राचे वेष्टण, शाबूत हवे. आणि सही लेखकाच्या हातची हवी. वर्तमानपत्राच्या कचेरीत रविवारची पुरवणी पाहत असताना ही सवय लागली आणि निवृत्तीनंतर वाढली. पुस्तके बहुतेक गिरगाव आणि दादर भागातून मिळाली. चाळ पाडायला निघाली की पितळेची भांडी गावी जातात, फ्रीज भाड्याच्या घरी जातो आणि पुस्तके जिन्याखाली राहतात. रद्दीवाला यायच्या आधी तिथे पोचायचे, एवढेच कसब.

पुस्तक घरी आले की मी ते पारदर्शक प्लास्टिकमध्ये घालतो आणि शक्यतो उघडत नाही. जुना कागद उघडल्याने तुटतो. त्यामुळे संग्रहातल्या काही कादंबऱ्या मी नंतरच्या आवृत्तीत वाचल्या आहेत आणि काही वाचलेल्याच नाहीत. इतर संग्राहकांचेही असेच असते, पण ते बोलून दाखवत नाहीत.

एक पुस्तक बाकीच्यांपेक्षा वेगळे होते. गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंची ती पहिली कादंबरी. तिची दुसरी आवृत्ती निघालीच नाही. नऊ वर्षे शोधल्यावर प्रत मिळाली ती एका जिन्याखाली, बाजाच्या पेटीच्या खोक्यात, शिवणकामाच्या मासिकांखाली. जॅकेट जाग्यावर होते. पुढच्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत बाईंची सही होती. सहीची दुसरी प्रत मला कुणाकडेही पाहायला मिळालेली नाही. त्या दिवशी मी प्रभादेवीच्या घरापर्यंत चालत आलो. बस मिळाली नाही म्हणून नव्हे.

गेल्या वर्षी माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. त्यांची गिरगावातली चाळ रिकामी झाली होती आणि नवी इमारत उभी राहायला वेळ होता. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. गिरगावातल्या एका छोट्या वाचनालयात त्यांनी चाळीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले. आल्यावर पहिल्याच सकाळी ते कपाटासमोर उभे राहिले, एकेक पुस्तक हातात घेऊन पाठीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "जावईबापू, पुस्तकं चांगली आहेत. पण तब्येत बरी नाही त्यांची."

मी हसलो. ती सूचना होती हे लक्षात आले नाही.

महिन्याभराने मी आणि बायको एका लग्नासाठी रत्नागिरीला आठ दिवस गेलो. परत आलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. कपाटाच्या मधल्या फळीत तेरा पुस्तकांएवढी मोकळी जागा होती. बाईंची कादंबरीही त्या तेरांत होती.

नाना चहा घेत होते. "शनिवारी मिळतील," ते म्हणाले. "सांगणार नव्हतो, पण तुमचा चेहरा बघून सांगतो. बांधायला टाकलीत. आपल्या घोडपदेवच्या बाइंडरकडे. जी जास्त खिळखिळी होती ना, तीच दिली."

वाचनालयाची बांधणी कशी होते ते इथे सांगायला हवे. बाइंडर आधी जॅकेट काढून टाकतो, कारण ते आठ दिवसांत फाटणारच असते. मग जुना पुठ्ठा काढतो. पुढची-मागची कोरी पाने काढून नवे जाड कागद लावतो. दाभणाने भोके पाडून दोऱ्याने शिवतो, कटिंग मशीनवर तीन बाजू साफ कापतो, पाठीला रेक्झिन लावून त्यावर सोनेरी अक्षरे उठवतो. असे पुस्तक शंभर घरांत फिरले तरी टिकते. वाचनालयाच्या दृष्टीने पुस्तकावर याहून मोठा उपकार नाही. संग्राहकाच्या दृष्टीने पुस्तक तिथेच संपते.

बायको आत येऊन हळूच म्हणाली, "त्यांनी त्यांच्या पेन्शनमधून केलंय. मला विचारलं होतं, जावयाला काय आवडेल म्हणून. मी म्हटलं, पुस्तकं."

म्हणजे करायच्या गोष्टी दोन होत्या. बाईंच्या कादंबरीची प्रत वाचवायची आणि नानांना काही कळू द्यायचे नाही.

मंगळवारी सकाळी मी घोडपदेवला गेलो. बाइंडरचा गाळा एका चाळीच्या तळमजल्यावर आहे. बाइंडर पन्नाशीचा, वडीलही याच धंद्यात, गाव मालवणकडे. तो पाटावर बसून पुठ्ठ्याला खळ लावत होता.

"नानांचे जावई ना तुम्ही? बसा. चहा सांगू?"

"ती तेरा पुस्तकं परत हवी आहेत," मी म्हटले.

"शनिवारी."

"आत्ता. न बांधता."

त्याने कुंचला डब्यात ठेवला. "का? काय झाला?"

"बांधायची नव्हती. चुकून आली."

"चुकून?" त्याने भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेली चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. नानांचे अक्षर, नानांचे आकडे. एक, जॅकेट काढणे. दोन, पुढची-मागची कोरी पाने काढणे. तीन, दाभणाची शिलाई. चार, तीन बाजू साफ. पाच, पाठ लाल रेक्झिन. "यात चुकून काय आहे ते दाखवा मला."

"पुस्तकं माझी आहेत."

"असतील. चिठ्ठी नानांची आहे. मी बापाच्या हाताखाली होतो तेव्हापासून नानांची पुस्तकं बांधतोय. त्यांनी एकदा सांगितलं की आपण दुसऱ्याचं ऐकत नाही. लावू फोन? तुम्हीच बोला त्यांच्याशी."

"फोन नको."

"का नको?"

मी त्याला कारण सांगितले. सही, जॅकेट, पहिली आवृत्ती. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे फाटकं आहे म्हणून त्याला भाव?"

"फाटकं नाही. मूळचं आहे म्हणून."

"साहेब, गिरगावातनं माझ्याकडे असली मूळची पुस्तकं गोणी भरून येतात. लोक म्हणतात, नवी करून दे." मग माझ्याकडे एकदा पाहून तो उठला. "नऊ झाली. चार राहिलीत. ती चार नाही बांधत. नानांना काय सांगू ते सांगा."

"रेक्झिन संपलं म्हणून सांगा."

"माझ्याकडे रेक्झिन संपलं?" त्याला खरोखर राग आला. "उद्या सांगाल दोरा संपला. माझी काय इज्जत राहील त्यांच्यासमोर? तुम्ही राहू द्या, मी बघतो काय ता."

त्याने नऊ पुस्तके समोर मांडली. लाल पाठी, सोनेरी अक्षरे, तिन्ही बाजू करवंदाच्या पानासारख्या गुळगुळीत. काम उत्तम होते, हे नोंदवले पाहिजे. बाईंची कादंबरी वरून तिसरी होती. कापल्यामुळे ती बोटाच्या एका पेराने लहान झाली होती.

नवांपैकी चार पुस्तकांवर सही आतल्या शीर्षकपानावर होती. ती बचावली होती. पाच पुस्तकांवर ती कोऱ्या पानावर होती. मी विचारले, काढलेली पाने कुठे आहेत. त्याने कोपऱ्यातल्या गोणीकडे बोट दाखवले. रद्दीवाला गुरुवारी येणार होता.

पुढचा दीड तास आम्ही दोघे गोणी उपसत होतो. सुरुवातीला तो नुसता बघत होता. पहिले जॅकेट सापडल्यावर तोही खाली बसला. "हे बघा, हे तुमचंच का? हिरवं, बाईचं चित्र?" नवांपैकी आठ जॅकेटे मिळाली. सहीची तीन पाने मिळाली. चौथे मिळाले नाही, अजूनही नाही. पाचवे, म्हणजे बाईंचे, गोणीत नव्हते.

"निळी शाई?" त्याने विचारले. "दोन ओळी?"

"हो."

त्याने खळीचा डबा उचलला. खाली फरशी खराब होऊ नये म्हणून कागद ठेवला होता. त्या कागदावर डब्याच्या बुडाचे गोल कडे उमटले होते आणि कड्याच्या बरोबर मधे, कोरडीठाक, बाईंची सही होती. सहीच्या वर एक ओळ होती: वाचून कळवावे.

"जागा बघा कशी धरलीय," बाइंडर म्हणाला. "एक थेंब नाही लागला." त्याच्या बोलण्यात आता मालकीचा सूर होता. चहा त्याने मला न विचारताच सांगितला. गाळ्यात बसून आम्ही तो प्यायलो आणि बराच वेळ दोघांनाही हसू येत राहिले.

घरी सगळे ऐकल्यावर बायको म्हणाली, "नानांना सांगणार आहेस?"

"नाही."

"मग आतापासून तोंड नीट कर. शनिवारी तुला खूश व्हायचंय."

शनिवारी बाइंडर स्वतः गठ्ठा घेऊन आला. नानांनी नऊ पुस्तके मोजली. "बाकीची?"

"नाना, त्या चारांचा कागद फार जुना. दाभण मारलं असतं तर तुकडा पडला असता. मी हात लावला नाही. ही घ्या, तशीच आणलीत."

नानांनी चारांपैकी एक पुस्तक उघडून कागद दोन बोटांत चोळला. "हं. तेही खरंच," ते म्हणाले. बाइंडरने माझ्याकडे मुद्दाम पाहिले नाही.

मग नानांनी बाईंची कादंबरी टेबलावर ठेवली आणि मधोमध उघडली. ती सपाट उघडली आणि तशीच राहिली. "बघा. आता जेवताना वाचा, एका हातानं वाचा, कसंही वाचा." मी खूश झालो असे म्हणालो. जेवणापर्यंत नाना चाळीसाव्या पानावर होते. संध्याकाळी त्यांनी पुस्तक संपवले आणि मुलीला म्हणाले, "या बाई तुला शिकवायला होत्या ना? आहेत का अजून?"

होत्या. नव्वदी उलटलेल्या, दादरला, हिंदमाता थिएटरच्या मागच्या गल्लीत. बायकोने वर्गमैत्रिणीकडून फोन नंबर मिळवला आणि पुढच्या बुधवारी चारची वेळ ठरली. नानांनी इस्त्रीचा सदरा काढला. मी सहीचे पान आणि जॅकेट एका फायलीत घालून पिशवीत घेतले. नाना दुसरीकडे पाहत असताना बाईंना पान दाखवायचे आणि नव्या कागदावर पुन्हा सही मागायची, असा बेत होता.

बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. माझ्या बायकोला त्यांनी ओळखले, आडनावासकट. "तुझ्या निबंधात स्वल्पविराम नसायचा," असे सांगितले आणि पुस्तक हातात घेतले. उलटसुलट करून पाहिले.

"जॅकेट कुठंय?"

"काढलं," नाना म्हणाले. "बांधणीत काढतातच ते."

"त्याच्यावरचं चित्र माझ्या धाकट्या भावाचं होतं."

नाना माझ्याकडे वळले. माझा हात पिशवीत गेला होता. मी फाइल काढून जॅकेट बाईंच्या मांडीवर ठेवले. त्याबरोबर पानही बाहेर आले.

नानांनी चष्मा लावून पान पाहिले. "हे कुठलं?"

"याच पुस्तकातलं. बाइंडरकडून आणलं."

"कधी?"

"मंगळवारी."

"म्हणजे पुस्तकं यायच्या आधी. आणि त्या चार पुस्तकांचा कागद?"

"चांगला आहे, नाना."

त्यांनी पान उलटून पाहिले. "मी लिहून दिलं होतं, कोरी पानं काढा."

"त्याला कोरं पानच म्हणतात, नाना," माझी बायको म्हणाली.

"सही असलेलं पान कोरं नसतं. चाळीस वर्षं केलं मी हे काम. कळायला हवं होतं." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आमच्याकडे राहायला आल्यापासून ते पहिल्यांदाच म्हातारे दिसले. माझा बेत फसला होता आणि जे टाळण्यासाठी तो केला, तेच झाले होते.

बाईंचे आमच्याकडे लक्ष नव्हते. त्यांनी भावाचे चित्र बाजूला ठेवले होते आणि पुस्तक मांडीवर उघडले होते. एका हाताने.

"हे छान उघडतं," त्या म्हणाल्या. "कुणी बांधलं?"

"मीच बांधून घेतलं," नाना म्हणाले. "माझीच चूक."

"कसली चूक? अहो, हे पुस्तक आलं तेव्हा प्रकाशक मला म्हणायचे, बाई, तुमचं हलत नाही. दर महिन्याला तेच. मला वाटलं, झालं आपलं लिहून. मग एकदा मुलींसाठी पुस्तकं आणायला गिरगावात वाचनालयात गेले, तर तिथे हे. असंच. लाल पाठ, सोनेरी अक्षरं. कडा काळ्या पडलेल्या आणि मधे एका पानावर हळदीचा हा एवढा डाग. मी उभ्या उभ्या तो डाग बघत राहिले. स्वयंपाक करताना वाचत होती कुणीतरी. घरी गेले आणि दुसरी कादंबरी लिहायला घेतली."

"कुठलं वाचनालय?" नानांनी विचारले.

बाईंनी नाव सांगितले.

"ते पलीकडच्या गल्लीतलं," नाना म्हणाले आणि खुर्चीत ताठ बसले. "त्यांच्याकडे शिस्तच नव्हती. आमच्याकडे तुमच्या दोन प्रती होत्या. दोन्ही बांधलेल्या. एकीवरही डाग नाही."

"मग नीट वाचली नसेल कुणी."

"वाचली कशी नाही? एकीची दोनदा बांधणी करावी लागली."

"दोनदा?" बाई म्हणाल्या. आणि मग पुन्हा, हळू, "दोनदा का?"

त्यानंतर अर्धा तास दोघेच बोलत होते. कुठल्या पानाशी पुस्तके फाटायची, ते नानांना आठवत होते. बाईंना आठवत होते त्या पानावर काय होते. बाईंना सांभाळणाऱ्या ताई दोनदा चहा घेऊन आल्या.

मध्येच बाईंनी सहीचे पान उचलून डोळ्यांजवळ धरले आणि मला विचारले, "वाचून कळवावे, असं लिहिलंय मी. तुम्ही वाचलंत?"

"नाही."

"का?"

"पानं दुमडतील म्हणून."

"इतक्या वर्षांत ही सबब मला कुणी दिली नव्हती," बाई म्हणाल्या. बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले.

मी पेन पुढे केले आणि नव्या कागदावर सही मागितली. बाईंनी मान हलवली. "आधी वाचा. मग सही." पण पुस्तक त्यांनी परत दिले नाही. त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्याकडे याची एकही प्रत नाही. होत्या त्या लोकांनी नेल्या. थोडे दिवस ठेवू का?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या. नऊ वर्षे, जिन्याखालचे खोके, खळीचे कडे, हे सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले, आणि उत्तर द्यायला मला उशीर झाला.

"पंधरा दिवस," नाना म्हणाले.

"आणि पंधरा दिवसांत झालं नाही तर? मला भिंगातून वाचावं लागतं."

"मुदत वाढवून मिळेल. तुम्ही येऊ नका, मी येईन."

याला आता आठ महिने होतील. नाना दर पंधरा दिवसांनी बुधवारी चार वाजता हिंदमाताला जातात. पुस्तकाच्या मागच्या कागदावर त्यांनी तारखांची पट्टी चिकटवली आहे आणि तीवर स्वतःच्या हाताने पुढची तारीख घालतात. बाईंचे वाचून केव्हाच झाले आहे, असे मला बायकोकडून कळते. सध्या त्या नानांना एकेका प्रकरणात काय गाळले होते ते सांगत आहेत. जॅकेट त्यांनी खिडकीशेजारी लावले आहे. कपाटात माझ्याकडे सहीचे पान आहे, पुस्तक नाही.

गेल्या आठवड्यात मी नानांना म्हटले की मला ती कादंबरी वाचायची आहे. त्यांनी वही उघडली.

"नाव लिहून ठेवतो," ते म्हणाले. "पण तुमच्या आधी माझी मुलगी आहे. आणि तिच्या आधी बाइंडर."